लाल कँडी रंगाची स्लिंगशॉट : छायाचित्रण प्रकल्पाच्या नोंदी

१६ सप्टेंबर २०२३ : कार्यशाळेतील पहिली पाहणी

दक्षिण कॅलिफोर्नियात १९६५ साली बांधलेली आणि गेल्या काही वर्षांत पुन्हा उभी केलेली एक ड्रॅगस्टर आज पूर्ण जोडलेल्या अवस्थेत प्रथमच पाहिली. मालकांना दोन प्रकारची छायाचित्रे हवी आहेत. भिंतीवर लावता येतील अशी काही मोठी चित्रे हा एक प्रकार, आणि गाडीच्या कागदपत्रांसोबत कायम राहील असा तपशीलवार चित्रसंग्रह हा दुसरा. मला दुसरे काम अधिक निकडीचे वाटते. गाडी रंगून, चकाकून तयार झाली की तिच्यातला कोणता पत्रा १९६५चा आणि कोणता कालपरवाचा हे केवळ ती बांधणाऱ्यांनाच ठाऊक राहते, आणि या गाडीची मूळ अवस्था पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

ड्रॅग रेसिंगमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी, थांबलेल्या अवस्थेतून सुटतात आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर, धावतात. त्या काळच्या गाड्यांत इंजिन पुढे असे आणि चालक मागच्या आसाच्याही मागे, डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांना गती वाटून देणाऱ्या दातेरी पेटीच्या, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसे. मागच्या चाकांवर जास्तीत जास्त वजन यावे हा त्यामागचा हेतू होता. १९५४ साली मिकी थॉम्पसन यांनी ही मांडणी पुढे आणली असे मानले जाते, आणि गलोलीच्या चामड्यात खडा बसवावा तसा चालक मागे बसलेला असल्यामुळे या गाड्यांना स्लिंगशॉट म्हटले जाऊ लागले.

आमच्या गाडीच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर १५० इंच आहे. क्रोममॉली या मिश्र पोलादाच्या नळ्यांची चॅसी, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बॉडी, १९५७-५८ या काळातले ३९२ घनइंची क्रायस्लर हेमी इंजिन, त्यावर जनरल मोटर्सच्या ट्रकमधील डिझेल इंजिनावरून उचललेला ६-७१ ब्लोअर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप, आणि ब्लोअरच्या डोक्यावर हवा व इंधन आत सोडणारा इंजेक्टर, अशी तिची रचना आहे. पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत. वेग आवरण्यासाठी मागे पॅराशूट आहे. पाहणीत मी कॅमेरा काढला नाही. कार्यशाळेच्या नळीच्या दिव्यांखाली गाडीभोवती फिरून कोणता भाग कशाचे प्रतिबिंब दाखवतो याचे एक रेखाटन तेवढे केले.

२३ सप्टेंबर : जुने पुरावे

मालकांकडे गाडीच्या धावत्या काळातील कृष्णधवल छायाचित्रांचा एक गठ्ठा आहे. त्यातील बरीच लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर रात्री, प्रकाशझोतांखाली काढलेली आहेत. लॉस एंजेलिसच्या बंदराजवळ विल्मिंग्टन येथे १९५५ साली सुरू झालेली ही धावपट्टी समुद्रसपाटीच्या दाट हवेमुळे वेगवान म्हणून नावाजलेली होती. कृष्णधवल चित्रांवरून रंग ठरवता येत नाही, परंतु दोन गोष्टी नि:संशय कळतात. एक म्हणजे अक्षरलेखनाची नेमकी जागा आणि तिरपेपणा. दुसरी म्हणजे गाडी तेव्हाही नेटकी ठेवली जात असे. जुन्या रेसिंगच्या गाड्या तेलकट आणि ओबडधोबड असायच्या, म्हणून रिस्टोरेशनमधली चकाकी खोटी, असे मत अनेकदा ऐकू येते. या गाडीपुरते ते मला मान्य नाही. १९६५ सालच्या दक्षिण कॅलिफोर्नियात क्रोमचा मुलामा आणि सुबक अक्षरलेखन हा गाडीवाल्यांच्या अभिमानाचा भाग होता, आणि चित्रांत पुढचा आस आरशासारखा चमकताना दिसतो. फरक आहे तो इतकाच, की तेव्हाच्या चकाकीवर धावेची खूण पडलेली असे: टायरच्या रबराचे कण, हेडरच्या, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या नळ्यांच्या, तोंडाशी काजळी, इंधन सांडलेल्या जागी फिकटलेला रंग.

रंगाचा पुरावा रोलबारजवळ, म्हणजे चालकाच्या डोक्यामागच्या संरक्षक नळीजवळ, एका धातूच्या कंसाखाली (ब्रॅकेटखाली) सापडला. कंस उघडल्यावर नखाएवढा मूळ लाल तुकडा जसाच्या तसा निघाला आणि रंगाऱ्यांनी त्याच्याशी जुळवूनच नवा रंग चढवला. तो तुकडा जपून ठेवला आहे. त्याचे छायाचित्र रंगपट्टीसह सर्वांत आधी घेतले, कारण नंतरच्या प्रत्येक चित्रातील लाल रंग त्याच्याशी पडताळून पाहता येईल.

३० सप्टेंबर : पोमोना

पोमोनाच्या फेअरप्लेक्स परिसरातील वॉली पार्क्स एनएचआरए मोटरस्पोर्ट्स संग्रहालयात दिवस घालवला. संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. ज्यांचे नाव त्याला दिले आहे त्या वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची (एनएचआरए; हॉट रॉड म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली गाडी) स्थापना करून रस्त्यांवरच्या शर्यती धावपट्ट्यांवर आणल्या. तिथल्या गाड्यांपाशी मी फक्त धातूंचे पृष्ठभाग पाहत होते. क्रोम किंचित निळसर आणि धारदार प्रतिबिंब देते. घोटलेले ॲल्युमिनियम त्याहून उबदार दिसते आणि त्यावर घोटण्याच्या बारीक रेषा राहतात. मॅग्नेशियमची चाके मंद राखाडी दिसतात, आणि गंज रोखण्यासाठी त्यांवर डाऊ ७ नावाची रासायनिक प्रक्रिया केलेली असेल तर त्यांत तपकिरी-सोनेरी झाक येते. ही तीन धातूंची तीन व्यक्तिमत्त्वे चित्रात वेगळी राहिली पाहिजेत. त्यांना एकाच चंदेरी रंगात बुडवणारी छायाचित्रे मला कधीच पटलेली नाहीत.

७ ऑक्टोबर : घोटलेल्या धातूचा प्रकाश

आजचा पूर्ण दिवस इंजिनावर गेला. चकचकीत धातूचे छायाचित्र काढणे म्हणजे वास्तविक त्या धातूत दिसणाऱ्या परिसराचे छायाचित्र काढणे होय. धातूला स्वतःचा असा उजेड-अंधार जवळजवळ नसतो. तो समोरची भिंत, छत, माणसे आणि कॅमेरा दाखवतो. म्हणून दिवा कुठे ठेवायचा याआधी धातूला काय दिसू द्यायचे हा प्रश्न सोडवावा लागतो. पूर्वी कोल्हापुरात सराफांसाठी ठुशी आणि साज यांची छायाचित्रे काढत असताना हे गणित मी पांढऱ्या कापडाच्या छोट्या तंबूत शिकले होते. येथे तेच गणित पाच मीटरच्या गाडीला लावायचे होते.

गाडीच्या वर छताला समांतर अशी पांढऱ्या कापडाची लांब चौकट बांधली आणि दिवे त्या कापडाच्या वरून सोडले. कापड गाडीहून दोन्ही टोकांना लांब असणे अत्यावश्यक आहे. ते आखूड पडले तर इंजेक्टरच्या गोलाईवर त्याची कड मध्येच तुटलेली दिसते, आणि नजर धातूकडे न जाता त्या तुटलेल्या रेषेकडे जाते. फक्त पांढरेच भोवती असले तर धातू पिठूळ, निर्जीव दिसतो. त्याला आकार देतात त्या काळ्या कडा. त्यासाठी काळ्या मखमलीच्या पट्ट्या चौकटीच्या दोन्ही अंगांना सोडल्या आणि त्या इंचाइंचाने सरकवत ब्लोअरच्या प्रत्येक फासळीच्या बाजूला एक बारीक गडद रेषा येईल अशी जागा शोधली. या सरकवण्यातच दिवसाचा मोठा भाग गेला आणि तो वेळ सार्थकी लागला, कारण ब्लोअरच्या फासळ्या, त्यावरचे बोल्ट आणि पट्ट्याचे दाते पहिल्यांदाच एकमेकांपासून सुटे दिसू लागले.

इंजेक्टरचा दर्शनी भाग बहिर्गोल आरसाच असल्यामुळे त्यात संपूर्ण खोली दिसते आणि खोलीच्या मध्यभागी कॅमेरा. कॅमेऱ्यापुढे भोक पाडलेले काळे कापड टांगले, सहायकाला आणि मला काळे कपडे होते, आणि तरीही लेन्सचा एक काळा ठिपका राहतोच. तो मी पुसणार नाही. दस्तऐवजासाठी काढलेल्या चित्रात पृष्ठभागावरची कोणतीही गोष्ट नंतर पुसली की, त्या जागी ओरखडा होता की प्रतिबिंब, हे पुढच्या अभ्यासकाला कळण्याचा मार्ग बंद होतो.

पोलरायझर फिल्टरविषयी एक नोंद आवश्यक आहे. काच, पाणी किंवा वार्निश यांच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश विशिष्ट कोनात ध्रुवित होतो आणि फिल्टर फिरवून तो कमी करता येतो. धातूवरून परावर्तित प्रकाशाचे तसे होत नाही. त्यामुळे इंजिनासमोर हा फिल्टर जवळजवळ निरुपयोगी ठरतो आणि उलट प्रकाश मात्र खातो. धातूवरचा झळाळ आवरायचा असेल तर दिव्यांवरही ध्रुवक पत्रे चढवावी लागतात. आज त्याची गरज नव्हती, कारण झळाळ घालवायचा नव्हता, त्याला वळण द्यायचे होते.

१४ ऑक्टोबर : लाल रंग

कँडी रंग हा साधा लाल नव्हे. आधी सोनेरी चंदेरी कणांचा थर, त्यावर रंगीत पण पारदर्शक लाखेचे अनेक हात आणि वरून स्वच्छ लाख अशी त्याची घडण असते. प्रकाश लाल थरातून आत जातो, सोनेरी कणांवर आपटतो आणि पुन्हा त्याच लाल थरातून बाहेर येतो. यामुळे समोरून थेट प्रकाश पडला की रंग आतून पेटल्यासारखा दिसतो आणि कडेला, जिथे प्रकाशाला थरातून तिरकी, लांब वाट काढावी लागते तिथे, तो जवळजवळ काळपट होतो. मऊ, सर्वत्र सारख्या प्रकाशात हा रंग मरतो. म्हणजे धातूला जी पांढरी चौकट लागते ती रंगाला मारक, आणि रंगाला जो थेट प्रकाश लागतो तो धातूवर टोचणारे ठिपके उमटवतो. दोन्ही एकाच चित्रात हवे असतील तर कापडी चौकटीचा प्रकाश थोडा दबका ठेवून कॅमेऱ्याच्या जवळून एक लहान, कडक दिवा बॉडीवर सोडावा लागतो आणि तो इंजिनावर पडू नये म्हणून मध्ये काळा पुठ्ठा धरावा लागतो. ही मांडणी आज पक्की झाली.

कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख, या रंगाच्या बाबतीत दिशाभूल करतो. कॅमेरा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वाहिन्यांत नोंदवतो. एकत्रित उजळपणाचा आलेख हिरव्या वाहिनीला अधिक वजन देत असल्यामुळे तो निर्धोक दिसतो, पण लाल वाहिनी तोवर टोकाला जाऊन आपटलेली असते आणि तिथला सगळा तपशील सपाट होतो. म्हणून लाल वाहिनीचा स्वतंत्र आलेख पाहूनच एक्स्पोजर ठरवले. ते नेहमीपेक्षा जवळपास एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या प्रकाशाचे, आले. पुढील प्रक्रियेसाठी प्रोफोटो हीच रंगव्याप्ती, म्हणजे फाइलमध्ये मावणाऱ्या रंगांचा पट्टा, वापरणार आहे. अनेक जण अशा वेळी अडोबी आरजीबी निवडतात, परंतु तिचे विस्तारणे मुख्यतः हिरव्या आणि निळसर-हिरव्या बाजूला आहे. तिचा लाल टोकबिंदू पडद्यांच्या नेहमीच्या एसआरजीबी या रंगव्याप्तीच्याच जागी असल्याने आपल्या कामात तिचा विशेष उपयोग होत नाही.

बॉडीवर पोलरायझर मात्र उपयोगी पडला, कारण वरचा थर लाखेचा आहे. पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेपासून सुमारे ५६ अंशांवर त्याचा परिणाम सर्वाधिक असतो. पूर्ण फिरवला तर लाखेची ओलसर चमक जाऊन पत्रा रंगवलेल्या कागदासारखा दिसतो, म्हणून अर्ध्यावर थांबले.

२१ ऑक्टोबर : पत्र्याच्या आतली बाजू

या प्रकल्पातील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम आज झाले. चालकाभोवतीचा मागचा पत्रा मूळ आहे आणि पुढचे पत्रे नवे आहेत. बाहेरून रंग चढल्यावर दोन्हींत काहीही फरक दिसत नाही. कारागिरांनी अत्यंत समंजसपणे मूळ पत्र्याची आतली बाजू घासली नाही. तो पत्रा आज सोडवून घेतला, टेबलावर उलटा ठेवला आणि दिवा पृष्ठभागाशी जेमतेम काही अंशांचा कोन करेल इतका खाली आणून आडव्या प्रकाशात त्याची छायाचित्रे घेतली.

आडव्या प्रकाशात पत्रा बोलका होतो. हातोडीचे हलके खळगे एका ओळीत दिसले, यंत्राच्या दोन चाकांमध्ये पत्रा दाबून गोलाई देताना उमटलेले समांतर पट्टे दिसले, आणि उजव्या अंगाला कधीतरी आतून ठोकून सरळ केलेला पोचा दिसला. बाहेरच्या बाजूने हा पोचा आता शोधूनही सापडत नाही. कडेला पेन्सिलने लिहिलेले, अर्धवट पुसलेले काही आकडे आहेत. ते बहुधा पत्रा कापताना घेतलेली मापे असावीत. या प्रत्येक जागेचे चित्र मोजपट्टी आणि रंगपट्टीसह घेतले, आणि तीच जागा दिव्याची दिशा बदलून पुन्हा टिपली, कारण एका दिशेचा प्रकाश त्या दिशेला समांतर असलेल्या रेषा लपवतो.

चॅसीचेही असेच आहे. मागचा अर्धा भाग मूळ नळ्यांचा, पुढचा भाग मागाहून जोडलेला. हे का घडले ते सांगायला हवे. ८ मार्च १९७० रोजी लायन्स येथेच नामवंत ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स यांच्या स्लिंगशॉटचा ट्रान्समिशन फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. पाय थेट यंत्रावर ठेवून बसण्याचा धोका त्या दिवशी सर्वांना दिसला. गार्लिट्स यांनी इंजिन चालकाच्या मागे ठेवलेली स्वॅम्प रॅट १४ ही गाडी बांधली, १९७१ साली पोमोनाची विंटरनॅशनल्स ही शर्यत तिच्यावर जिंकली, आणि त्यानंतर अगदी थोड्या काळात पुढे इंजिन असलेल्या गाड्या कालबाह्य झाल्या. आमच्या गाडीचेही इंजिन काढून विकले गेले, पुढचा भाग कापून दुसऱ्या कामाला वापरला गेला आणि उरलेला सांगाडा अनेक वर्षे एका गॅरेजच्या छताला टांगलेला राहिला. जोडाच्या जागी जुन्या आणि नव्या वेल्डच्या लहरींमधील फरक जवळच्या लेन्सने टिपला आहे. तिथे फोकसची खोली कमी पडत असल्याने फोकस थोडा थोडा पुढे सरकवत घेतलेल्या चित्रांची एकत्र जुळणी केली. ही जुळणी केली आहे हे त्या फाइलच्या माहितीत नोंदवले आहे.

२८ ऑक्टोबर : जागेची निवड

पूर्ण गाडीचे बाजूने चित्र कार्यशाळेत होणार नाही. जवळून रुंद लेन्स लावली तर कॅमेऱ्याजवळचे चाक फुगते, दूरचे चाक अंडाकृती होते आणि स्लिंगशॉटची खरी प्रमाणबद्धता, म्हणजे पुढे बारीक होत जाणारे लांब नाक आणि मागे एकवटलेला सगळा भार, बिघडते. १३५ मिमी लेन्सने ही गाडी दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा ठेवून बसवायची तर साधारण २५ मीटर मागे जावे लागते.

मालकांची पहिली इच्छा लायन्सची होती. ती धावपट्टी २ डिसेंबर १९७२च्या शर्यतीनंतर बंद झाली आणि आज त्या जागी बंदरातील कंटेनरचे अंगण आहे. एल मिराजच्या कोरड्या तलावाचाही विचार निघाला. तिथली सपाट, फिकट जमीन चित्रात सुंदर दिसते आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील हॉट रॉडिंगचे मूळ अशा तलावांवरच आहे. तरीही मी विरोध केला. ही गाडी तिथे कधी धावली नाही, तिची बांधणी चिकट डांबरासाठी झाली आहे, आणि तिथली पिठासारखी धूळ इंजेक्टरच्या उघड्या तोंडातून आत जाण्याचा धोका वेगळाच. चर्चेअंती बेकर्सफील्डच्या उत्तरेची फमोसो धावपट्टी ठरली. मूळची ही युद्धकाळातील विमानांची पट्टी. १९५९ साली स्मोकर्स क्लबने येथे घेतलेल्या शर्यतीतूनच पुढे मार्च मीट या ड्रॅग शर्यतीची परंपरा उभी राहिली. जुन्या ड्रॅगस्टर पुन्हा सुरू करून त्यांचा आवाज आणि ज्वाळा लोकांना दाखवणारा कॅकलफेस्टही २००० साली येथूनच सुरू झाला. या मातीशी गाडीच्या घराण्याचा संबंध खरा आहे.

९ डिसेंबर : फमोसो, सकाळ

सॅन होआकिन खोऱ्यात हिवाळ्यात जमिनीलगत दाट धुके साठते, त्याला तिथे टुले धुके म्हणतात. आज ते सकाळी उशिरापर्यंत उठले नाही. धुके म्हणजे आयता मिळालेला प्रचंड सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी), अशी छायाचित्रकारांमध्ये समजूत आहे आणि चेहऱ्यांसाठी ती खरीही आहे. या गाडीसाठी मात्र धुके दोन्ही अंगांनी प्रतिकूल ठरले. क्रोमला सगळीकडून एकच पांढुरका रंग दिसत असल्याने त्याच्या कडा विरल्या, आणि कँडी लाल रंग विटकरी होऊन बसला. काळ्या कापडाच्या चौकटी उभ्या करून धातू काही प्रमाणात सावरता आला. रंगासाठी ऊन येण्याची वाट पाहणे हाच उपाय होता. तोवर धुक्यातच एका विषयाला न्याय मिळाला: मागचे रुंद स्लिक, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग गुळगुळीत असलेले, टायर. त्यांच्या कडेवरची करंजीच्या मुरडीसारखी नक्षी आणि काळ्यावरचे पांढरे अक्षरलेखन कडक उन्हात एकमेकांना मारतात, मऊ प्रकाशात मात्र रबराचा काळा रंग अनेक छटांत उलगडतो.

ऊन आल्यावर बाजूचे चित्र पूर्ण केले. कॅमेरा मागच्या आसाच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे ३८ सेंटिमीटरवर ठेवला. त्याहून वर गेले की चॅसीखालची निमुळती फट दिसेनाशी होते आणि गाडी जमिनीला चिकटल्यासारखी भासते.

९ डिसेंबर : फमोसो, संध्याकाळ

पूर्वी अशा गाड्यांना स्टार्टर नसे. दुसरी गाडी मागून ढकलत नेई, तेलाचा दाब आला की चालक ठिणगीसाठी वीज देणारा मॅग्नेटो चालू करी आणि इंजिन पेटे. आज जागेवरच सुरू करायचे असल्याने क्रँकच्या टोकाला बाहेरून स्टार्टर लावला आणि इंजेक्टरच्या तोंडात थोडे पेट्रोल घालून इंजिन जागे केले. त्यानंतर ते नायट्रोमिथेनवर गेले. पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने त्याला अवघी १.७ भाग पुरते, आणि म्हणून त्याच सिलिंडरमध्ये कितीतरी अधिक इंधन ओतता येते. मंद गतीत त्यातले बरेचसे न जळताच हेडरमधून बाहेर पडते आणि बाहेरच्या हवेत पेटते. ज्वाळा दिसतात त्या यामुळे.

शटरचा वेग येथे कल्पनेने ठरत नाही, हिशेबाने ठरतो. इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्या करत असेल तर सेकंदाला ३० फेऱ्या होतात, आणि चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटत असल्याने एका सिलिंडरचे सेकंदाला १५ स्फोट होतात. याचा अर्थ १/१५ सेकंदात आठही सिलिंडर एकेकदा पेटून जातात. पण तेवढ्या वेळात जागेवर थरथरणारी गाडी चित्रात पुसट होते. १/३० सेकंद ठेवला तर आठपैकी चार सिलिंडर पेटतात, आणि या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा असल्याने, शटर कोणत्या क्षणी उघडले त्यानुसार, कॅमेऱ्याकडच्या चार नळ्यांपैकी कधी एकीतून, कधी दोहोंतून, कधी तिघींतून ताजी ज्वाळा मिळते. उरलेल्या नळ्यांच्या तोंडाशी आधीच्या ज्वाळेचे शेपूट असते. मला हा असमानपणा हवा होता. चारही नळ्यांवर सारखीच ज्वाळा असलेली जी चित्रे प्रसिद्ध होतात त्यांतील काही अनेक चित्रे एकावर एक ठेवून बनवलेली असतात. ती देखणी असतात, पण चालणारे इंजिन त्यांत उरत नाही. आमच्या संग्रहातील ज्वाळेचे प्रत्येक चित्र एकाच एक्स्पोजरचे असेल.

सूर्य पाऊणे पाचच्या सुमारास मावळला. त्यानंतर आकाश आणि ज्वाळा यांचा उजेड एकमेकांना सांभाळून घेतो असा काळ फारच थोडा असतो. आयएसओ ४००, एफ ५.६ आणि १/३० सेकंद ही बैठक त्यात जुळली. क्लचच्या रेषेत कोणीही उभे राहायचे नाही, हा नियम मालकांनी आधीच बजावला होता, कारण क्लच फुटला तर तुकडे त्याच रेषेत बाहेर फेकले जातात. म्हणून बाजूचा कॅमेरा वाळूच्या पिशव्यांनी दाबून, तिवईचा मधला दांडा न उचलता, रबराच्या पट्टीवर ठेवला आणि दुरून रेडिओने चालवला. पूर्णतः इलेक्ट्रॉनिक शटर मुद्दाम टाळले, कारण ते चौकट ओळीओळीने वाचते आणि झपाट्याने उजळणाऱ्या-विझणाऱ्या ज्वाळेचे आडवे पट्टे पाडू शकते. मी स्वतः वाऱ्याच्या दिशेला पाठ करून पुढच्या तिरप्या बाजूला उभी होते. या धुरात नायट्रिक आम्लाची वाफ असते, डोळे आणि घसा लगेच चरचरू लागतात. कानात बोळे आणि वरून मोठे इअरमफ असूनही आवाज बरगड्यांतून जाणवत होता. मागच्या तिरप्या कोनातील चित्र सर्वांत सरस उतरले: दोन स्लिकमध्ये बसलेला, पूर्ण अग्निरोधक पोशाखातील चालक, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत ब्लोअर, आणि दोन्ही अंगांना वर झेपावणाऱ्या ज्वाळा. चालकाला समोरचे किती थोडे दिसत असेल हे त्या कोनातून विनासायास कळते.

१३ जानेवारी २०२४ : निवड, छपाई, नोंदणी

निवडीत ज्वाळेची चित्रे कमी आणि तपशिलाची अधिक ठेवली. मालकांनी प्रारंभी उलट अपेक्षा व्यक्त केली होती, परंतु आतल्या पत्र्याची आडव्या प्रकाशातील चित्रे मोठ्या आकारात पाहिल्यावर त्यांनी त्यांपैकी एक भिंतीसाठी निवडले, याचा मला मनापासून आनंद झाला. पोचा ठोकून सरळ केल्याची जागा त्याच चित्रात आहे.

छपाईसाठी मॅट कागद बाद केला. कँडी लाल त्यावर खोली गमावतो. बॅरायटा या किंचित चमकदार कागदावर नमुना काढून तो कंसाखाली सापडलेल्या मूळ तुकड्याशेजारी दिवसाच्या उजेडात ठेवून पाहिला. सावलीतील भाग किंचित जांभळ्याकडे झुकत होता, तो दुरुस्त केला. धातूंसाठी वेगळे रंगसंतुलन वापरण्याचा मोह टाळला आहे. सर्व चित्रांना एकच संतुलन ठेवल्यामुळे क्रोमचा निळसरपणा आणि मॅग्नेशियमची सोनेरी झाक शेजारी शेजारी ओळखू येतात.

प्रत्येक फाइलच्या अंतर्गत माहितीत तीन गोष्टी लिहिल्या आहेत: भाग कोणता, तो मूळ की नव्याने बनवलेला, आणि तसे म्हणण्याला आधार काय. आधार म्हणून जुने छायाचित्र, कारागिरांची तोंडी माहिती किंवा पत्र्यावरची खूण यांपैकी जे असेल ते नमूद आहे. कारागिरांच्या तोंडी माहितीचे ध्वनिमुद्रण करून तेही संग्रहात जोडले आहे. मूळ रॉ फाइली आणि १६-बिट टिफ प्रती दोन स्वतंत्र ठिकाणी ठेवल्या असून एक संच मालकांच्या ताब्यात दिला आहे.

मॅग्नेटो सध्या दुरुस्तीसाठी बाहेर गेला आहे. तो परत आला की बसवण्यापूर्वी त्याच्या आवरणावरील कोरीव क्रमांकाचे आडव्या प्रकाशात चित्र घ्यायचे आहे. त्यासाठी मखमलीच्या पट्ट्या आणि लहान दिवा कार्यशाळेतच ठेवून आले आहे.